संयुगातील कण मोजताना: मोलच्या गणितातील पायऱ्यांचा योग्य क्रम

अकरावी विज्ञानाच्या उत्तरपत्रिकेत मोलवरचे उदाहरण चुकते तेव्हा गुणाकार किंवा भागाकार क्वचितच चुकलेला असतो. चुकलेला असतो तो पायऱ्यांचा क्रम. युरियातील नायट्रोजनचे अणू विचारले की युरियाच्या वस्तुमानाला थेट १४ ने भागले जाते, क्षारातील आयन विचारले की रेणू मोजले जातात, आणि स्फटिकांतले पाणी तर अनेकांच्या हिशेबात येतच नाही. जळगाव, धुळे, नंदुरबारकडील बरीच मुले दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकून अकरावीला एकदम इंग्रजी पुस्तकांकडे वळतात. मोल म्हणजे कणांची एक ठरावीक मोठी संख्या, ही व्याख्या त्यांना पाठ असते, परंतु उदाहरण समोर आल्यावर पहिली ओळ कोणती लिहायची, हे कोणी सांगितलेले नसते. खालची उदाहरणे मुद्दाम शेतातील खतांची घेतली आहेत, कारण गोणीवर छापलेल्या आकड्याशी आपले उत्तर ताडून पाहता येते. सूत्रे येथे शब्दांत उलगडली आहेत. वहीत ती नेहमीच्या चिन्हांतच लिहावीत.

## आधीची तयारी

अणुवस्तुमानांक समोर लिहून ठेवावेत: हायड्रोजन १, कार्बन १२, नायट्रोजन १४, ऑक्सिजन १६, मॅग्नेशिअम २४, ॲल्युमिनिअम २७, फॉस्फरस ३१, गंधक ३२, क्लोरीन ३५.५, पोटॅशिअम ३९, कॅल्शिअम ४०. क्लोरीनचे ३५.५ सोयीसाठी ३५ किंवा ३६ करू नयेत. ज्या संयुगात क्लोरीनचे दोन-तीन अणू असतात, तेथे ही चूक तितक्याच पटीने वाढते.

ॲव्होगॅड्रो अंक, म्हणजे एका मोलमधील कणांची संख्या, ६.०२२ × १०²³ असा घ्यावा. २०१९ पासून मोलची व्याख्याच ६.०२२१४०७६ × १०²³ या नेमक्या संख्येवर बेतलेली आहे, पण वर्गातील उदाहरणांना चार अंक पुरतात.

यापेक्षा महत्त्वाची तयारी म्हणजे संयुजा आणि बहुअणू आयनांची ओळख. अमोनियम, नायट्रेट, सल्फेट, फॉस्फेट, कार्बोनेट आणि हायड्रॉक्साइड या सहांचे सूत्र व प्रभार न अडखळता लिहिता येत नसतील, तर मोलच्या उदाहरणाला हात लावण्याआधी एक संध्याकाळ त्यांनाच द्यावी. सूत्र चुकले की पुढची प्रत्येक ओळ चुकीचीच येते आणि गणित मात्र सुबक दिसते.

## टप्पा १: दिलेले काय आणि मोजायचे काय

प्रश्न वाचताना दोन गोष्टींखाली रेघ ओढावी. पहिली, कोणत्या पदार्थाचे किती प्रमाण दिले आहे. दुसरी, कोणता कण मोजायचा आहे. ‘४५ किलोग्रॅम युरियातील नायट्रोजनचे अणू’ या प्रश्नात दिलेला पदार्थ युरिया आहे आणि मोजायचा कण नायट्रोजनचा अणू आहे. ही दोन नावे वेगळी आहेत, हे ज्याने वहीत लिहून काढले त्याची निम्मी चूक तेथेच टळते.

याच टप्प्यावर वस्तुमान ग्रॅममध्ये आणावे: ४५ किलोग्रॅम म्हणजे ४५,००० ग्रॅम, २५० मिलिग्रॅम म्हणजे ०.२५ ग्रॅम.

सावधान: नुसते ‘१ मोल ऑक्सिजन’ असे कधीही लिहू नये. १ मोल ऑक्सिजन रेणू म्हणजे ३२ ग्रॅम आणि १ मोल ऑक्सिजन अणू म्हणजे १६ ग्रॅम. मोल या शब्दापुढे कणाचे नाव आलेच पाहिजे, आणि ते शेवटच्या ओळीपर्यंत प्रत्येक वेळी आले पाहिजे. माझ्या मते या विषयात शिस्तीचा एकच नियम शिकवायचा झाला, तर हाच शिकवावा.

## टप्पा २: सूत्र लिहून घटक मोजणे

सूत्र लिहिल्यावर त्यातील प्रत्येक मूलद्रव्याचे किती अणू आहेत, याची एक ओळ स्वतंत्र लिहावी. युरियाच्या एका रेणूत कार्बन १, ऑक्सिजन १, नायट्रोजन २, हायड्रोजन ४, असे एकूण ८ अणू असतात.

कंसाबाहेरचा अंक कंसातील प्रत्येक मूलद्रव्याला लागू होतो, हे सर्वांना माहीत असते. चूक होते ती कंसाबाहेर तेच मूलद्रव्य पुन्हा आलेले असते तेव्हा. डीएपी म्हणजे डायअमोनियम फॉस्फेट. त्यात दोन अमोनियमचे मिळून ८ हायड्रोजन असतात आणि कंसाबाहेर आणखी एक असतो, म्हणून हायड्रोजन ९ होतात. ८ लिहिणारे विद्यार्थी प्रत्येक तुकडीत भेटतात.

पडताळा: ओळीतील सर्व अंकांची बेरीज करून एका एककातील एकूण अणू लिहावेत. डीएपीसाठी नायट्रोजन २, हायड्रोजन ९, फॉस्फरस १, ऑक्सिजन ४, म्हणजे १६.

## टप्पा ३: एका मोलचे वस्तुमान

मागच्या ओळीतील प्रत्येक अंकाला अणुवस्तुमानांकाने गुणून बेरीज करावी. युरिया: १२ + १६ + २८ + ४ = ६०, म्हणून युरियाच्या १ मोल रेणूंचे वस्तुमान ६० ग्रॅम. डीएपी: २८ + ९ + ३१ + ६४ = १३२. अमोनियम सल्फेटचेही २८ + ८ + ३२ + ६४ = १३२ येते. हा निव्वळ योगायोग आहे, तेव्हा एक उत्तर दुसऱ्यावरून उतरवले गेले असे समजून कोणी खोडू नये.

बेरजेपुढे ‘ग्रॅम प्रति मोल’ हे एकक लिहावे. पुढच्या टप्प्यात भागायचे की गुणायचे, याचा निर्णय हेच एकक करून देते.

## टप्पा ४: ग्रॅमवरून संयुगाचे मोल

वस्तुमान भागिले एका मोलचे वस्तुमान. ४५,००० ÷ ६० = ७५०, म्हणजे युरियाचे ७५० मोल रेणू.

सर्वांत जास्त गुण येथे जातात. नायट्रोजन विचारला म्हणून ४५,००० ला १४ ने भागणे याचा अर्थ गोणीत युरिया नसून शुद्ध नायट्रोजनच भरलेला आहे, असे गृहीत धरणे होय. कारण लक्षात यावे म्हणून रावेर-यावलकडील केळीचा हिशेब पाहावा. गाडीत भरलेल्या मालाच्या वजनावरून फण्यांची संख्या काढायची असेल, तर एकूण वजनाला एका अख्ख्या घडाच्या वजनाने भागून आधी घड काढावे लागतात आणि मग एका घडाला किती फण्या, त्याने गुणावे लागते. एका फणीच्या वजनाने सरळ भागले, तर दांड्याचे वजनही फण्यांतच जमा होते. दिलेले वजन ज्याचे, भाजकही त्याचाच असला पाहिजे.

पडताळा: दिलेले वस्तुमान एका मोलच्या वस्तुमानापेक्षा कमी असेल तर मोलची संख्या १ पेक्षा कमी यावी, जास्त असेल तर १ पेक्षा अधिक यावी. उलटे आले तर भागाकार उलटा झाला आहे.

## टप्पा ५: संयुगाच्या मोलवरून विचारलेल्या कणाचे मोल

आता टप्पा २ मधील ओळ कामी येते. युरियाच्या एका रेणूत नायट्रोजनचे २ अणू, म्हणून ७५० मोल रेणूंत १५०० मोल नायट्रोजन अणू. त्याच गोणीत हायड्रोजनचे ३००० मोल अणू आणि सर्व मिळून ६००० मोल अणू असतात. प्रश्नात केवळ रेणू विचारले असतील, तर हा टप्पा ओलांडून पुढे जावे. तेथे २ ने किंवा ८ ने गुणणे ही चूक ठरते.

एमएचटी-सीईटी आणि नीट या दोन्ही परीक्षांत गणनयंत्र वापरता येत नाही. ‘कोणात अणू सर्वाधिक’ अशा तुलनेच्या प्रश्नात येथेच थांबावे, कारण ॲव्होगॅड्रो अंक सर्व पर्यायांना सारखाच लागतो आणि मोलची तुलना पुरेशी असते.

## टप्पा ६: मोलवरून कणसंख्या

१५०० × ६.०२२ × १०²³ = ९०३३ × १०²³ = ९.०३३ × १०²⁶ नायट्रोजन अणू. दशांशचिन्ह तीन घरे डावीकडे सरकले की घात तीनने वाढतो. मोल अपूर्णांकात असतील तर घात घटतो. ०.०२ × ६.०२२ × १०²³ चे उत्तर १.२०४४ × १०²² आहे, १०²⁵ नव्हे.

हा गुणाकार एकदाच आणि शेवटी करावा. काही जण टप्पा ४ नंतरच रेणूंची संख्या काढून पुढे त्या लांब आकड्याला गुणत बसतात. ती पद्धत चुकीची नाही, पण त्यात घाताची चूक होण्याची संधी दुप्पट होते.

## टप्पा ७: उत्तर उलट दिशेने तपासणे

१५०० मोल नायट्रोजन अणूंचे वस्तुमान १५०० × १४ = २१,००० ग्रॅम, म्हणजे २१ किलोग्रॅम. ४५ किलोग्रॅममध्ये २१ किलोग्रॅम म्हणजे ४६.६७ टक्के. युरियाच्या गोणीवर नायट्रोजन ४६ टक्के असा आकडा छापलेला असतो. आपण गोणीतील सर्व माल शुद्ध युरिया धरला होता आणि प्रत्यक्ष मालात थोडा ओलावा व बाययुरेट (युरिया बनवताना तयार होणारे उपउत्पादन) असतो, म्हणून एवढा फरक पडणारच. १४ ने भागणाऱ्याच्या उत्तराप्रमाणे मात्र गोणीत ४५ किलोग्रॅम नायट्रोजन निघेल आणि कार्बन, ऑक्सिजन, हायड्रोजनसाठी जागाच उरणार नाही.

दुसरी तपासणी घाताची. काही ग्रॅम पदार्थातील कणांची संख्या साधारण १०²¹ ते १०²⁴ च्या आसपास असते. उत्तरात १० चा ऋण घात आला तर गुणण्याऐवजी भागले गेले आहे, आणि १०⁴⁶ सारखा घात आला तर ॲव्होगॅड्रो अंक दोनदा लागला आहे.

सात टप्पे येथे पूर्ण होतात. पुढे दिलेल्या जागी मात्र टप्पे पाठ असूनही उत्तर हुकते.

## स्फटिकजल असलेली संयुगे

कपाशीवर लाल्या (पाने लाल पडण्याची विकृती) दिसू लागला की मॅग्नेशिअम सल्फेटची फवारणी सांगितली जाते. दुकानात मिळणारा पांढरा स्फटिक बहुधा सात पाण्याच्या रेणूंसह असतो. त्याच्या एका एककाचे वस्तुमान २४ + ३२ + ६४ + (७ × १८) = २४६. पाणी सोडून दिले तर ते १२० होते आणि उत्तर दुपटीहून अधिक फुगते.

१२.३ ग्रॅम स्फटिक घेतले असता १२.३ ÷ २४६ = ०.०५ मोल एकके मिळतात. त्यावरून मॅग्नेशिअम आयन ०.०५ मोल, म्हणजे ३.०११ × १०²². पाण्याचे रेणू ०.३५ मोल, म्हणजे २.१०८ × १०²³. ऑक्सिजनचे अणू मोजताना सल्फेटमधील ४ आणि पाण्यातील ७ असे मिळून ११ घ्यावे लागतात, म्हणून ०.५५ मोल, म्हणजे ३.३१२ × १०²³. पाण्याचे वस्तुमान भाजकात घेऊन ऑक्सिजन मात्र चारच मोजणारी उत्तरपत्रिका मला निव्वळ पाणी विसरणाऱ्या उत्तरपत्रिकेपेक्षा अधिक खटकते, कारण तेथे पाणी दिसले होते आणि तरीही सुटले.

सावधान: सूत्रात पाण्याच्या आधी येणाऱ्या ठिपक्याला गुणाकाराचे चिन्ह समजू नये. पाण्याचे वस्तुमान मिळवायचे असते, त्याने गुणायचे नसते.

## आयनिक संयुगे

मीठ, कॅल्शिअम क्लोराइड, पोटॅश यांमध्ये स्वतंत्र रेणू नसतात. तेथे ‘सूत्र एकक’ असे म्हणावे आणि प्रश्न सूत्र एककांचा, आयनांचा की अणूंचा, हे पुन्हा पाहावे. २.२२ ग्रॅम कॅल्शिअम क्लोराइड घेऊ. एका मोलचे वस्तुमान ४० + ७१ = १११, म्हणून ०.०२ मोल सूत्र एकके. कॅल्शिअम आयन ०.०२ मोल, क्लोराइड आयन ०.०४ मोल, एकूण आयन ०.०६ मोल, म्हणजे ३.६१३ × १०²².

सूत्रात क्लोरीनपुढे २ दिसला म्हणून तेथे क्लोरीन वायूचा रेणू आहे, असे समजून क्लोराइडही ०.०२ मोलच धरले जाते. तो २ दोन वेगळे आयन दाखवतो. याउलट सल्फेटसारखा बहुअणू आयन पाण्यात अखंड राहतो. त्यातील गंधक आणि ऑक्सिजन वेगवेगळे आयन म्हणून मोजू नयेत. युरिया आणि साखर पाण्यात विरघळतात, पण त्यांचे विचरण होऊन आयन तयार होत नाहीत. तेथे रेणूच मोजावेत.

## गोणीवरील टक्केवारीवरून मोजताना

युरियाच्या गोणीवरील ४६ हा आकडा नायट्रोजनचा आहे. गोणीत ४६ टक्के युरिया आणि बाकी दुसरे काही, असा त्याचा अर्थ नाही. पोटॅशचा आकडा याहून फसवा असतो. म्युरेट ऑफ पोटॅशवर, म्हणजे पोटॅशिअम क्लोराइडच्या खतावर, ६० टक्के लिहिलेले असते आणि तो पोटॅशिअमचा वाटा समजून ५० किलोच्या गोणीत ३० किलो पोटॅशिअम धरले जाते. पण शुद्ध पोटॅशिअम क्लोराइडमध्येसुद्धा पोटॅशिअम ३९ ÷ ७४.५, म्हणजे ५२.३ टक्केच असते. गोणीतील माल शुद्धाहून शुद्ध कसा असेल?

खतांच्या व्यवहारात पोटॅश हे पोटॅशिअम ऑक्साइडच्या आणि स्फुरद हे फॉस्फरस पेंटॉक्साइडच्या रूपात मोजण्याची रीत आहे, म्हणून भाजकही त्या ऑक्साइडचा घ्यावा. ३०,००० ग्रॅम पोटॅशिअम ऑक्साइड ÷ ९४ = ३१९.१५ मोल. प्रत्येकात पोटॅशिअम २, म्हणून ६३८.३ मोल पोटॅशिअम आयन, म्हणजे ३.८४४ × १०²⁶. पडताळ्यासाठी ६३८.३ × ७४.५ केले असता ४७.५५ किलोग्रॅम पोटॅशिअम क्लोराइड येते, म्हणजे ५० किलोच्या गोणीत सुमारे ९५ टक्के. हे पटण्याजोगे आहे.

डीएपीच्या गोणीवरील १८ आणि ४६ या जोडीतील ४६ हा असाच पेंटॉक्साइडचा आकडा आहे. तेथे भाजक १४२ घेऊन प्रत्येक मोलला फॉस्फरसचे २ मोल अणू धरावेत.

## वायू आणि द्रावणे

वायूचे आकारमान दिले असेल तर टप्पा ४ मध्ये वस्तुमानाऐवजी आकारमानाला मोलर आकारमानाने, म्हणजे एका मोल वायूच्या आकारमानाने, भागावे. बाकी क्रम तोच. ० अंश सेल्सिअस आणि १ ॲटमॉस्फिअर दाबाला ते २२.४ लिटर असते, १ बार दाबाला २२.७ लिटर. प्रश्नात कोणती स्थिती दिली आहे, ते पाहूनच आकडा निवडावा. ५.६ लिटर कार्बन डायऑक्साइड पहिल्या स्थितीत ०.२५ मोल रेणू होतो आणि त्यातील ऑक्सिजनचे अणू ०.५ मोल.

खोलीच्या तापमानाला २२.४ वापरणे चूक आहे. जळगावात मे महिन्यात पारा ४५ अंशांवर असताना, दाब १ ॲटमॉस्फिअर धरला तरी, एका मोल वायूचे आकारमान २२.४ × ३१८ ÷ २७३, म्हणजे सुमारे २६.१ लिटर होते. द्रव आणि स्थायूंना तर हा आकडा लागूच होत नाही: २२.४ लिटर पाण्यात १ नव्हे, साधारण १२४४ मोल रेणू असतात.

द्रावणासाठी मोलॅरिटीला, म्हणजे एका लिटर द्रावणातील द्राव्याच्या मोलला, लिटरमधील आकारमानाने गुणावे. ०.२ मोलर द्रावणाच्या २५० मिलिलिटरमध्ये ०.०५ मोल द्राव्य असते.

## उलटा प्रवास: कणांवरून वस्तुमान

क्रम उलटा करताना क्रियाही उलट्या कराव्या लागतात. १.२०४४ × १०²² नायट्रोजन अणू असलेला युरिया किती ग्रॅम? आधी ॲव्होगॅड्रो अंकाने भागून ०.०२ मोल नायट्रोजन अणू. मग २ ने भागून ०.०१ मोल युरिया रेणू. शेवटी ६० ने गुणून ०.६ ग्रॅम. मधल्या पायरीवर सवयीने २ ने गुणले गेले तर २.४ ग्रॅम येतात, आणि ती पायरीच सुटली तर १.२ ग्रॅम. ‘मोल कशाचे’ हे प्रत्येक ओळीत लिहिणाऱ्याला ही चूक डोळ्यांना दिसते.

## सरावासाठी तीन उदाहरणे

पहिले. गढूळ पाण्यात फिरवायची तुरटी म्हणजे पोटॅशिअम, ॲल्युमिनिअम, दोन सल्फेट आणि बारा पाण्याचे रेणू, वस्तुमान ४७४. अशा ४.७४ ग्रॅम तुरटीत ऑक्सिजनचे अणू किती आणि आयन किती? ऑक्सिजन अणू १.२०४ × १०²³, आयन २.४०९ × १०²². ऑक्सिजनचे उत्तर ८.८५ × १०²² आले असेल तर स्फटिकजल पूर्णपणे सुटले आहे.

दुसरे. ६.६ ग्रॅम शुद्ध डायअमोनियम फॉस्फेटमधील हायड्रोजनचे अणू किती? २.७१ × १०²³. २.४१ × १०²³ आले असेल तर टप्पा २ मधील नववा हायड्रोजन राहून गेला.

तिसरे. ३.०११ × १०²³ क्लोराइड आयन मिळण्यासाठी निर्जल मॅग्नेशिअम क्लोराइड किती ग्रॅम लागेल? २३.७५ ग्रॅम. ४७.५ आले असेल तर २ ने भागायचे राहिले आहे. ९५ आले असेल तर भागायच्या जागी गुणले गेले आहे.